बाबांचे तीनशे बारा सिनेमे

माझ्या वडिलांना दिसत नाही, हे मला एका बुधवारी दुपारी तीन वाजता कळलं. त्यांची नजर जाणार हे त्यांना स्वतःला अडीच वर्षांपासून माहीत होतं. आमची खोली एकशे साठ चौरस फुटांची. त्यात चार माणसं. एकाने कूस बदलली तर दुसऱ्याची झोप मोडते, आणि तरी मला पत्ता लागला नाही. लागला तोही हुशारीने नव्हे, विसरभोळेपणाने. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी हितेंद्र, परळच्या एका कुरिअर कंपनीत सॉर्टिंगचा सुपरवायझर आहे. कुठलं पाकीट कुठल्या पिशवीत जायचं हे मला पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवर कळतं, आणि चुकीच्या पिशवीत एक जरी पाकीट दिसलं तरी माझं डोकं फिरतं. माझी बायको रुपाली म्हणते की माझं डोकं फिरायला पाकिटाचीसुद्धा गरज नसते. असेल. पण वस्तू जागच्या जागी लावणं मला येतं, आणि घरच्या कॉम्प्युटरवर बाबांच्या सिनेमांची जी लायब्ररी मी लावली, तितकं नेटकं काम मी ऑफिसातही कधी केलेलं नाही.

बाबांचं नाव गुणाजी. वय पंच्याहत्तर. मिलमध्ये साचेखात्यात होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. संपात मिल सुटली ती सुटलीच, मग वीस वर्षं वॉचमनकी केली. आई जाऊन सहा वर्षं झाली. नायगावच्या बीडीडी चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ते साठ वर्षं राहतायत. मी तिथेच जन्मलो, रुपाली लग्न करून तिथेच आली आणि आमची स्पृहा आता तिथूनच चौथीत जाते.

सिनेमाचं वेड बाबांना मिलमध्ये लागलं. तेव्हा खात्यातला एक जण पहिल्या दिवशी सिनेमा बघून यायचा आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाकीच्यांना सांगायचा. नुसती गोष्ट नाही. कोण कुठल्या दारातून आला, हातात काय होतं, बाईची साडी कुठल्या रंगाची, सगळं. ज्यांना थेटरात जायला जमत नसे ते त्यावर भागवत. साचेखात्यात हे काम बाबांचं होतं, आणि पन्नास वर्षांनंतरही त्यांची ती सवय गेलेली नाही. चाळीत लाइट गेली की शेजारच्या कमलकाकू स्टूल घेऊन आमच्या दारात येऊन बसतात आणि म्हणतात, "भावजी, एखादा सांगा." मग बाबा सांगतात, आणि अंधारात सगळ्यांना सिनेमा दिसतो.

लालबागला भाड्याने सीडी देणारं एक दुकान होतं. ते बंद पडलं तेव्हा बाबांनी दोन गोणी भरून सीड्या उचलून आणल्या. त्या बरीच वर्षं पोटमाळ्यावर पडून होत्या. रुपालीने एक दिवस सांगितलं की एक तर गोणी घरात राहतील किंवा ती. तेव्हा मी सगळे सिनेमे कॉम्प्युटरवर उतरवायचं ठरवलं. आठ महिन्यांचे रविवार गेले त्यात. एकेका सिनेमाच्या दोन-दोन, तीन-तीन चकत्या, त्या जोडायच्या. ओरखडे पडलेल्या टूथपेस्टने पुसून बघायच्या. दुकानदाराने मार्करने लिहिलेली नावं अर्धी चुकीची, ती दुरुस्त करायची. मग लायब्ररीच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येकाचं पोस्टर, साल, नटनट्यांची नावं भरायची. उघडलं की पडद्यावर पोस्टरांची भिंत उभी राहायची. बघून झालेल्यावर हिरवी खूण, अर्धा सोडलेल्यावर पट्टी. मला तर सिनेमा बघण्यापेक्षा ती भिंत बघायलाच जास्त आवडायचं.

भांडण झालं ते क्रमावरून. मला सालाप्रमाणे लावायचे होते. बाबा म्हणाले, "नंबर लाव."

"नंबर कशाला? पोस्टर दिसतंय ना?"

"आमच्या खात्यात साच्याक नंबर होतो. नंबर सांगितलो की माणूस डोळे मिटून साच्यावर जाय. तीन आकडी नंबर टाक, दाबलो की लागूक होयो. आणि नवीन इलो की शेवटी लाव. बदलीवालो कधी कायमवाल्याच्या पुढे बसता काय?"

बदलीवाला म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजंदारीवर घेतलेला कामगार. मिल बंद होऊन चाळीस वर्षं झाली तरी आमच्याकडे सिनेमांनाही तीच शिस्त. मी चरफडलो, पण लावले नंबर. कीबोर्डवर तीन आकडे दाबून एंटर मारला की सिनेमा सुरू, अशी सोय करून दिली. मग त्यांनी नवीन टूम काढली. यादी मोठ्याने वाचून दाखव. समोर पोस्टरं असताना! तीन रविवार मी हजेरी घेतल्यासारखी नावं वाचत होतो आणि ते डोळे मिटून मागून नंबर म्हणत होते. तिसऱ्या रविवारी मी वैतागून म्हटलं, "बाबा, समोर बघा की जरा." त्यांनी डोळे उघडले, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बघतंय. तू वाच."

शेवटच्या रविवारी तीनशे बारावा सिनेमा चढला आणि लायब्ररी पुरी झाली. सिनेमे टीव्हीवर कसे दिसतात ते बघावं म्हणून मी मॉनिटरची केबल काढून टीव्हीला जोडली. झकास दिसले. बाबा म्हणाले, "एकदम थेटरासारखा." मग रुपालीच्या मालिकेची वेळ झाली. मी केबल काढली, गुंडाळली, कपाटावर ठेवली, तेवढ्यात पानं वाढल्याची हाक आली. ती केबल परत मॉनिटरला लावायची माझ्याकडून राहून गेली.

सोमवारपासून स्पृहाची परीक्षा, त्यामुळे तिला कॉम्प्युटरला हात लावायची बंदी. तिची शाळा दुपारची, रुपाली एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला, मी परळला. बारा ते सहा घरात बाबा एकटे. लायब्ररीचं एक अॅप मी फोनवर घेतलं होतं, त्यात घरी आत्ता कुठला सिनेमा चालू आहे ते दिसायचं. सोमवारी दुपारी बघितलं तर बाबांनी सतरा नंबर लावलेला, नंतर दोनशे चार. मंगळवारी एक्केचाळीस आणि मग एकशे नव्वद. सगळ्यांवर हिरव्या खुणा. मी दोघा-तिघांना फोन दाखवला. म्हटलं, बघा, पंच्याहत्तरीचा माणूस आणि कसा झटक्यात शिकला. खरंच छाती फुगली होती माझी.

मंगळवारी जेवताना विचारलं, "कसा होता एक्केचाळीस?"

"काय सांगू," बाबा म्हणाले. "ती जिन्यावरून उतरते ना हिरव्या साडीत, तो सीन. आधी सगळा फिका फिका दिसायचा. आता रंग काय स्वच्छ दिसतात रे. तुझी मेहनत दिसते, हितू."

मी रुपालीकडे बघितलं. तिने माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली. आठ महिन्यांत तिने सिनेमांबद्दल चांगलं बोललेलं मी ऐकलं नव्हतं, पण त्या पोळीत ते होतं.

बुधवारी आमच्या सॉर्टिंगचा पट्टा बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, उद्या सकाळशिवाय चालू होणार नाही. दुपारी अडीचला सुटलो आणि तीनला चाळीत पोचलो. आमचा दरवाजा दिवसा उघडाच असतो. व्हरांड्यातूनच सिनेमाचा आवाज आला. बाबा खुर्चीत बसले होते, हात गुडघ्यांवर, आणि पुढचा विनोद यायच्या आधीच हसत होते. मी दारात उभा राहून पायातले बूट काढले आणि सहज पडद्याकडे बघितलं.

पडदा काळा होता.

मला आधी वाटलं, आत्ताच गेला असेल. मग मॉनिटरच्या कोपऱ्यातला नारिंगी दिवा उघडमीट करताना दिसला. केबल नसली की तो तसा करतो. आवाजाचे स्पीकर वेगळे, ते चालू होते. नजर कपाटावर गेली. गुंडाळलेली केबल मी ठेवली होती तशीच तिथे होती. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. माझ्या हातातला बूट खाली पडला.

बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्या तोंडाकडे. आमच्यात दोन हातांचंही अंतर नव्हतं, दारातून उजेड येत होता.

"कोण?" ते म्हणाले. "कमल, तू काय गो?"

आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, आई गेली तेव्हाही नाही. मी माझ्याच घरात माझ्या बापासमोर उभा होतो आणि तो मला विचारत होता, तू कमल का.

"मी आहे, बाबा," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं आणि लगेच सगळं जागच्या जागी बसलं. "अरे, लवकर? ये ये. बरोब्बर वेळेवर इलंस. एक्केचाळीसच परत लावलाय. हा बघ, आता ती जिन्यावरून उतरेल." आणि त्यांनी बोट उचलून त्या काळ्या पडद्याकडे दाखवलं.

मी बघितलं. बोट दाखवलं तिकडे बघायची सवय असते, म्हणून बघितलं. त्या काळ्या काचेत खुर्चीतले बाबा दिसत होते आणि मागे मी.

"साडी कुठली?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"हिरवी."

"पडदा बंद आहे, बाबा. रविवारपासून."

बोट हवेत तसंच राहिलं. सिनेमातली बाई बोलत होती, मग बाजा वाजायला लागला. बाबांनी हात हळूहळू खाली आणला, कीबोर्डवरची लांब पट्टी बरोबर शोधली आणि दाबली. खोलीत एकदम शांतता झाली. खाली मैदानात कोणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, तेवढाच आवाज.

"दार लाव," ते म्हणाले.

मी दार लावलं आणि त्यांच्यासमोर जमिनीवरच बसलो.

"किती दिसतं?"

"उजव्यान काय नाय. डाव्यान उजेड कळता. दिवस हा की रात्र, इतक्याच."

"कधीपासून?"

"वरीस झाला आसतला पूर्ण जावन. त्याच्या आधी थोडा थोडा." मग ते एकदम शहरी मराठीत, वॉचमन असताना साहेबांशी बोलायचे तशा मराठीत म्हणाले, "रुपालीला सांगू नकोस."

माझं डोकं फिरलं. आता लिहिताना लाज वाटते, पण मी ओरडलो. पंच्याहत्तर वर्षांच्या आंधळ्या माणसावर ओरडलो. म्हटलं, दुपारी गॅस पेटवून चहा करता तुम्ही, चाळ पेटवून दिली असतीत. म्हटलं, आम्ही काय परके आहोत का. म्हटलं, काल जेवताना रंग स्वच्छ दिसतात म्हणालात, माझी चेष्टा केलीत. त्यावर मात्र त्यांनी मान वर केली.

"चेष्टा नाय रे. आठ महिने तू राबलंस. तुका बरा वाटात म्हणून म्हटलंय."

ओरडणं तिथेच थांबलं. मी उठून केबल लावली, कशासाठी ते मला माहीत नाही. पडद्यावर पोस्टरांची भिंत उभी राहिली, तीनशे बारा, ओळीने, एकही वाकडं नाही. ती भिंत त्यांनी एकदाही पाहिली नव्हती. ते सगळे सिनेमे त्यांना पाठ होते आणि ते फक्त ऐकत बसायचे.

संध्याकाळी रुपाली आली तेव्हा मी तिला व्हरांड्याच्या टोकाला नेऊन सांगितलं. ती कठड्याला धरून उभी राहिली. मग एकेक आठवायला लागली. गुडघे दुखतात म्हणून बाबांनी खाली उतरणं सोडलं होतं. माठ इकडून तिकडे हलवायला ते कधी देत नसत. पानात भाजी उजवीकडेच हवी असे. इंग्रजी शाळेत मराठी बिघडेल म्हणून स्पृहाकडून रोज पेपर मोठ्याने वाचून घेत. "मी त्याला कौतुक समजत होते," रुपाली म्हणाली. चाळीत कोणीही येताना हाक मारतच येतं, त्यामुळे कोण आलं ते आवाजावर कळायचं. आणि शेवटच्या टोकाच्या संडासापर्यंत किती पावलं, हे साठ वर्षांत पायांनाच पाठ झालेलं. आमचं घर इतकं लहान आहे की त्यात डोळ्यांवाचून चालतं. हा शोध मला माझ्या घराबद्दल शेहेचाळिसाव्या वर्षी लागला.

तिने बाबांना एकच विचारलं, का सांगितलं नाहीत. ते म्हणाले, "तू नुकती कामाक लागली होतीस. सांगितला आसता तर तू नोकरी सोडून माझ्यापाशी बसली आसतीस. आणि गेलेली नजर काय परत येवची नव्हती." रुपाली आत जाऊन भांडी घासत बसली. ती भांडी घासलेलीच होती.

शनिवारी मी बाबांना टॅक्सीने परळच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेलं. ते माझ्या कोपराला धरून असे चालत होते की बघणाऱ्याला वाटावं, बापलेक गप्पा मारत चाललेत. नोंदणीच्या खिडकीत मी नवीन पेशंटचा फॉर्म मागितला. आतल्या मुलीने बाबांचा फोन नंबर विचारला, टाइप केला आणि म्हणाली, "नवीन नाहीत ओ काका. यांचा केसपेपर आहे आपल्याकडे."

मी बाबांकडे बघितलं. ते समोर बघत होते, म्हणजे तोंड समोर होतं.

डॉक्टर दर्शना म्हणून तरुण बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी जुनी माहिती उघडली. अडीच वर्षांपूर्वी बाबा एकटेच दोनदा आले होते. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून नस सुकत जाते, दुखत-खुपत काही नाही, कडेकडेने अंधार होत येतो. थेंब दिले होते, चालू ठेवा म्हणून बजावलं होतं. तिसऱ्यांदा बाबा आलेच नाहीत. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले, बराच वेळ तपासले, आणि म्हणाल्या, "उजव्यात आता काही करण्यासारखं नाही. डाव्यातला उजेड टिकवायचा प्रयत्न करू." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही मुलगा ना? तुमची तपासणी झाली?"

"माझी कशाला?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. दुसऱ्या भेटीच्या तारखेखाली एक ओळ होती. आजार घराण्यात उतरू शकतो, मुलांना तपासणीसाठी लवकर आणण्यास पेशंटला समजावून सांगितले. त्याच्यापुढे पेशंटला समजल्याची खूण होती.

मी ती ओळ दोनदा वाचली. बाबा शेजारच्याच खुर्चीत होते. मी वाचतोय हे त्यांना दिसत नव्हतं, पण मी गप्प झालोय हे कळत होतं. ते दोन्ही हातांनी छत्रीची मूठ पिळत बसले होते.

माझी तपासणी लगेच झाली. आधी दाब बघितला, मग एका अंधाऱ्या खोलीत मशीनसमोर बसवलं. एक डोळा झाकायचा, हनुवटी टेकवायची, मधल्या पिवळ्या टिंबावर नजर ठेवायची आणि आजूबाजूला कुठेही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. सोपं काम. उजवा डोळा झाला. मग डावा. सुरुवातीला ठिपके भराभर येत होते, मी भराभर दाबत होतो. मग यायचे थांबले. मी वाट बघितली. मशीनचा बारीक आवाज येत होता, पण ठिपका काही येईना.

"मॅडम, मशीन अडकलंय," मी तिथल्या मुलीला म्हटलं.

"नाही, चालू आहे," ती म्हणाली. "तुम्ही मध्ये बघत राहा."

माझ्या हाताला घाम सुटला. बटण निसटायला लागलं. दिसत नसताना दाबावं असं दोनदा मनात आलं, आणि एकदा मी दाबलंही.

कागद निघाला. उजव्या डोळ्याचं वर्तुळ पांढरं. डाव्याच्या वरच्या बाजूला काळा डाग, नाकाकडे झुकलेला. डॉक्टर म्हणाल्या की एवढं गेलं तरी माणसाला कळत नाही, कारण दुसरा डोळा सांभाळून घेतो. थेंब लिहून दिले, आयुष्यभर घालायचे, एक दिवस चुकवायचा नाही. वेळेवर आलात असंही म्हणाल्या. मी विचारलं, दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर? त्यांनी थोडा विचार केला. "नक्की कोणीच सांगणार नाही. पण बहुतेक हा डाग पडायच्या आधी धरता आला असता." मग त्यांनी विचारलं, तुम्हाला मुलं किती. मी म्हटलं, एक मुलगी, नऊ वर्षांची. "तिलाही एकदा आणा," त्या म्हणाल्या.

बाहेर हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. बाबा भिंतीकडच्या बाकावर बसले होते. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि त्यांच्याशेजारी बसलो.

"झाला?"

"झालं."

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"काही नाही. ठीक आहेत डोळे."

तीन दिवसांपूर्वी मी या माणसावर खोटेपणासाठी ओरडलो होतो, आणि मला खोटं बोलायला एक मिनिटही लागलं नाही. बाबांनी तोंड माझ्याकडे केलं नाही. कान केला. वर्षभर ते सगळं जग त्या कानांनी बघत होते.

"हितू," ते म्हणाले, "तुझो आवाज बसलो हा."

मी खिशातल्या कागदाची घडी चाचपली.

"खंयचो डोळो?"

"डावा," मी म्हणालो. "वरचा भाग गेलाय. थेंब घातले तर पुढचं राहील."

त्यांचे ओठ दोनदा हलले. "तेव्हा आणला आसता तुका तर?"

मी गोड बोलू शकलो असतो. पण माझ्या अंगात राग होता, आणि त्यांना ते ऐकू यावं असं मला वाटत होतं. "तर बहुतेक काहीच गेलं नसतं," मी म्हणालो.

ते रडले नाहीत. तळहात गुडघ्यांवर फिरवत होते, मागे पुढे, मागे पुढे. बोललो त्याचा मला लगेच पस्तावा झाला, पण बोललेलं ते आता आमच्या दोघांमध्ये त्या बाकावर होतं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं आणि नजर हलवतही नव्हती.

"आणि चेडू?" त्यांनी विचारलं. चेडू म्हणजे मुलगी, ते स्पृहाला म्हणतात. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकावं लागलं.

"तिलाही एकदा दाखवा म्हणाल्या."

"नाव घालूची खिडकी खंय हा?"

"समोर. पण बाबा, आज नको. तिची परीक्षा होऊ दे, मी येतो घेऊन."

ते उठले. मी कोपर पुढे केलं, त्यांनी ते बाजूला सारलं. छत्री बाकावर राहिली. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, बोटं पसरली आणि चालायला लागले. चाळीत, जिन्यात, घरात, त्या एका वर्षात एकदाही त्यांनी असा हात पुढे केला नव्हता, कारण तसं केलं की बघणाऱ्याला कळतं. आता भरल्या हॉलमध्ये ते हवा चाचपडत निघाले. एका खुर्चीवर आपटले. एका बाईने आपलं पोर ओढून घेतलं. कोणीतरी म्हणालं, अहो, आजोबांना धरा कोणीतरी. मी दोन पावलं मागे होतो, माझे डोळे वाहत होते आणि मला त्यांना धरायचा धीर होत नव्हता.

त्यांचे हात काचेला लागले. त्यांनी खालची फळी चाचपली, तिच्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि वाकून आतल्या मुलीला म्हणाले, "नातीचं नाव घालायचं आहे. स्पृहा हितेंद्र घाडी, वय नऊ. आणि त्या कागदावर लिहा बाई, आजोबा आंधळे आहेत."